रुक्माच्या सासूनं काय हाक मारली

सारजाबाईच्या टोळीत बोलायला बंदी नव्हती, हात थांबवायला होती.

पोपटराव आबांची कांद्याची चाळ कवठे येमाईत गावाच्या वरच्या अंगाला होती. उन्हाळ्यात भरलेला कांदा श्रावण सरला की बाहेर काढायचा, सडका फेकायचा, बारीक गोल्टी वेगळी करायची आणि चांगला माल गोण्यांत भरून शिरूरच्या मार्केट यार्डात धाडायचा. या कामाला बायका लागत. त्या बायका जमवायच्या, त्यांना कामाला लावायचं आणि संध्याकाळी मोजून माल आबांच्या हवाली करायचा, हे सारजाबाईकडं होतं. बाई पन्नाशीला आलेली, उंच, हाडापेरानं मजबूत. आवाज असा की बांधावरनं हाक मारली तर पलीकडच्या शिवारातला माणूस वळून बघायचा. नवरा लवकर गेला. तिनं एकटीनं इंद्रजीतला वाढवलं, शिकवलं, रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला लावलं आणि त्याचं लग्न करून दिलं. सून मोनाली तिच्याच टोळीत कांदा निवडायला बसायची. तीन वर्षांची नात होती. तिचं नाव कागदावर काहीतरी मोठं होतं, पण घरात आणि आळीत सगळे तिला ताईच म्हणत.

मोनाली बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झालेली होती. तिला नर्स व्हायचं होतं. दौंडला नर्सिंगचा कोर्स होता, होस्टेल होतं. मागच्या वर्षी तिनं धीर करून घरात विषय काढला, तेव्हा सारजाबाईनं भाकरी थापता थापता एका वाक्यात तो मिटवला. लेकराची आई लेकराजवळ, एवढंच ती म्हणाली. इंद्रजीत ताटाकडं बघत राहिला. मोनालीनं पुन्हा तो विषय काढला नाही, पण त्या दिवसापासून ती घरात कमी बोलायला लागली. ते सारजाबाईला कळत होतं. कळलेलं ती दाखवत नव्हती.

टोळीत मेहरुन होती. तिचा नवरा लालमहंमद टेम्पो चालवायचा. शिरूरला कुणी घर बदललं, त्याचं सामान लालमहंमदनं वाहिलं आणि उरलेली रद्दीची एक गोणी घरी आणून टाकली. मेहरुन त्या रद्दीतलं पान फाडून रोज त्यात भाकरी-ठेचा बांधून आणायची. एके दिवशी तर ती गोणीतलं अर्धं फाडून झालेलं पुस्तकच घेऊन आली, म्हणजे रोज फाडायला बरं. दुपारी जेवायला बसल्यावर मोनालीची नजर ठेच्याखालच्या पानावर गेली. तेल लागलेल्या ओळी तिनं वाचल्या आणि काही न बोलता मेहरुनच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. पुढचं कव्हर नव्हतं, नावाचं पान नव्हतं. मागचीही बरीच पानं गेलेली होती. मधलं तेवढं शाबूत होतं.

त्या दुपारी मोनालीचा ढीग काही कमी होईना. सारजाबाईच्या ते ध्यानात आलं. ती उठून मागून आली, तर सुनेच्या मांडीवर कांद्यांच्या आड पुस्तक उघडं होतं. बायका गप्प झाल्या. आता काय होतंय ते सगळ्यांना माहीत होतं.

"काय लिव्हलंय त्यात एवढं?" सारजाबाईनं विचारलं.

मोनालीनं घाबरत घाबरत सांगितलं. रुक्मा नावाची एक बाई आहे, नदीवर नाव चालवते. नाव सासऱ्याची. सासरा गेला, नवरा मुंबईला गेला त्याचा पत्ता नाही, आणि गावचे लोक म्हणतात बाईच्या हातची नाव बुडणार, आम्ही बसणार नाही.

"मंग बसलं का कुनी?"

"तितपतच आलीय वाचत."

 सारजाबाईनं पदर खोचला, मोनालीच्या ढिगातले दोन हात भरून कांदे उचलून स्वतःच्या ढिगात टाकले आणि बाकीच्यांनाही तसंच करायला सांगितलं.

"तू वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं. तुझा ढीग आमी वाटून घेतो."

त्या दिवसापासून चाळीत वाचन सुरू झालं. मोनाली गोण्यांच्या थप्पीवर बसायची आणि बाकीच्या खाली निवडत राहायच्या. आधी मोबाइलवर गाणी वाजायची, ती बंद झाली. पहिल्या दिवशी मोनालीचे शब्द अडखळत होते. आठवडा गेला तशी ती म्हाताऱ्याचं बोलणं म्हाताऱ्यासारखं आणि सरपंचाचं बोलणं सरपंचासारखं वाचायला लागली. रुक्माची सासू बोलायला लागली की तिचा आवाज आपोआप उंच आणि कडक व्हायचा. टोळीतली सोजरबाई पदराआड हसायची, कारण तो आवाज कुणासारखा लागतोय ते सारजाबाई सोडून सगळ्यांना कळत होतं.

रुक्माच्या नावेत पहिल्यांदा बसली ती एक बाळंतीण. अडलेली होती, दुसरी नावच नव्हती. ते पान वाचून झालं तेव्हा चाळीत कुणाचाच हात हलत नव्हता आणि सारजाबाईनंही कुणाला हटकलं नाही. दुसऱ्या दिवशी बायका वेळेआधी आल्या. घरची कामं उरकून, पोरांना डबे देऊन, धापा टाकत आल्या. शेजारच्या चाळीवर कामाला जाणाऱ्या दोघी तिकडचं सोडून इकडं येऊन बसल्या. पोपटराव आबांना आधी काही समजेना. बायका न सांगता लवकर येतात, माल रोजच्यापेक्षा जास्त निघतो आणि कुणी कुणाशी भांडत नाही, हे त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. मग तेही चाळीच्या मागच्या बाजूला पाण्याची मोटार दुरुस्त करत बसायला लागले. चाळीची भिंत म्हणजे बांबूच्या पट्ट्या, सगळं आरपार ऐकू यायचं. मोटार काही दुरुस्त होईना.

आणि चाळीबाहेरही काही काही घडायला लागलं. टोळीतली सखूबाई तापानं पडली. एरवी टोळीची मुकादम म्हणून सारजाबाई अशा दिवसांचा खाडा लावायची आणि वर दोन शब्द सुनवायची. या खेपेस सारजाबाईनं तिचा वाटा बाकीच्यांना वाटून दिला, तिचा खाडा लावला नाही, आणि संध्याकाळी मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन स्वतः तिच्या घरी गेली. सखूबाईला तापातही धक्का बसला. तिनं विचारलं, मुकादम, तुमाला बरं हाय ना. सारजाबाई म्हणाली की रुक्मानं पलीकडच्या गावच्या वैऱ्याचं पोर नावेतनं दवाखान्यात पोचवलं, तू तर आपल्या आळीची. मग तिनं सखूबाईच्या उशाशी बसून तिचं हुकलेलं सगळं पहिल्यापासून सांगितलं. सांगता सांगता अंधार पडला. घरी यायला इतका उशीर का झाला असं इंद्रजीतनं विचारलं, तेव्हा ती नुसती हसली.

गोष्ट पुढं सरकत गेली. नदीवर पूल व्हायचं ठरलं. पूल झाला की नाव संपली. मग सरकारी माणूस रुक्माला म्हणाला की धरणाच्या पाण्यावर इंजिनाची लाँच येणार आहे, ती चालवायला शिकायचं असेल तर वर्षभर लांबच्या गावी राहावं लागेल. रुक्माला लहान पोर. सासू म्हणाली, पाय उचललास तर हे दार तुला बंद.

इथं चाळीत दोन तट पडले. मेहरुन म्हणायची, जावं तिनं. सोजरबाई म्हणायची, लेकरू टाकून कशी जाईल. सारजाबाई सासूच्या बाजूनं होती. म्हातारीनं एकटीनं घर धरलंय, तिला कुणाचा आधार, असं ती तावातावानं सांगायची. मोनाली या भांडणात कधी पडत नसे. ती बोटानं ओळ धरून थांबायची आणि सगळ्या गप्प झाल्या की पुढं वाचायची.

आणि मग ते पान आलं. नदीला पाणी चढलेलं, दिवस कलताना रुक्मानं एकटीनं नाव पाण्यात लोटली. मागं काठावर सासू येऊन उभी राहिली. कडेवर नातू. वारा एवढा की शब्द उडून जात होते. मोनालीनं वाचलं, "म्हातारीनं दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली. ती म्हणाली,"

मोनाली थांबली. बायका वाट बघत राहिल्या.

"पुढं?" सारजाबाई म्हणाली.

"पुढं पान न्हाई, आत्या."

सगळ्यांच्या माना मेहरुनकडं वळल्या. मेहरुनच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हाच्या तेव्हा ती घरी पळाली, रद्दीची गोणी उलटी केली, चुलीमागं शोधलं, उकिरड्यावर जाऊन आली. काही मिळालं नाही. रडवेली होऊन परत आली आणि म्हणाली की बायांनो, शेवट आपन ठेच्यासंगं खाल्ला. त्यावर सगळ्या एवढ्या हसल्या की भिंतीपलीकडून पोपटराव आबांचंही हसू ऐकू आलं. मग ते खाकरत समोर आले आणि मोटारीचा पान्ना शोधतोय असं सांगायला लागले. कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सुलक्षणानं डोकं लढवलं. टोळीतली सगळ्यात लहान तीच, आणि तिच्या मोबाइलवर गावातल्या यच्चयावत ग्रुपचे मेसेज यायचे. तिनं मोनालीला ते शेवटचं पान पुन्हा वाचायला लावलं, रेकॉर्ड केलं आणि खाली बोलून टाकलं की आम्ही कवठे येमाईच्या कांदा चाळीतल्या बाया आहोत, पुढची पानं हरवलीत, रुक्माच्या सासूनं काय हाक मारली ते कुणाला माहीत असेल तर कळवा. बचत गटाच्या ग्रुपवर गेलं, तिथून माहेरच्या ग्रुपवर, तिथून यार्डातल्या हमालांच्या, कारखान्याच्या कँटीनच्या, कुठल्या कुठं. दुसऱ्या दिवसापासून उत्तरं यायला लागली. बहुतेकांना पुस्तक माहीतच नव्हतं, त्यांनाही शेवट हवा होता. एकानं ठोकून दिलं की रुक्मा पुढं कलेक्टर होते आणि सासूला लाल दिव्याच्या गाडीतनं फिरवते. सारजाबाईनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, ह्यानं पुस्तक बघितलेलं बी न्हाई. तिचा स्वतःचा जीव थाऱ्यावर नव्हता. दर तासाला ती सुलक्षणाला विचारायची, आलं का काय. रात्री झोपेत ती हाक मारल्यासारखी बडबडते, असं मोनालीनं मेहरुनला हळूच सांगितलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सुलक्षणाचा फोन वाजला. दौंडहून एक गृहस्थ बोलत होते. नाव जयसिंग, रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, आता रिटायर. पुतण्यानं त्यांना ती क्लिप ऐकवली होती. सुलक्षणानं स्पीकर चालू केला आणि सगळ्या फोनभोवती गोळा झाल्या. ते म्हणाले की पुस्तक माझ्याकडं आहे. अख्खं आहे.

चाळीत एकच गलका झाला. तो ऐकून पलीकडं जयसिंग मामाही हसायला लागले. सुलक्षणा म्हणाली, मामा, मागच्या पानांचे फोटो काढून पाठवा. ते लगेच तयार झाले, आत्ता पाठवतो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, ती वाचणारी पोरगी कोण आहे, फार छान वाचते. आणि पुढं म्हणाले की तुम्हाला जमत असेल तर फोटोऐवजी तुम्हीच या की इकडं. आमच्या घरात पुस्तकं खूप आहेत, वाचलेलं ऐकायला दोन म्हाताऱ्यांशिवाय कुणी नाही.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. दौंड काय जवळ नव्हतं, आणि आबांचा माल भरायचा राहिलेला होता. सुलक्षणाचं म्हणणं, फोटो आले की काम झालं, पाच मिनिटांत वाचून होईल. सारजाबाईनं मान हलवली. ती म्हणाली की एवढे दिस त्या बाईसंगं नदीवर काढलं, आन् शेवट पाच मिन्टांत उरकायचा व्हय. मग ती पोपटराव आबांपुढं जाऊन उभी राहिली आणि एका दिवसाची सुट्टी मागितली. सारजाबाईनं सुट्टी मागितल्याचं आबांना आठवत नव्हतं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं, मला तसंही दौंडला ठिबकचे पाइप बघायचे होते असं काहीतरी पुटपुटले, आणि लालमहंमदला सांगितलं की उद्या सकाळी टेम्पोत कांदा नको भरू, सतरंजी टाक.

सकाळी उजाडायच्या सुमाराला टेम्पो निघाला. बायका नव्या लुगड्यांत आणि साड्यांत होत्या, डोक्यात फुलं होती, मेहरुननं सगळ्यांना पुरतील एवढ्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी आणलेली, यावेळी स्टीलच्या डब्यात. ताई आजीच्या मांडीवर. पोपटराव आबा पुढं ड्रायव्हरशेजारी, मधूनमधून मागची काच सरकवून विचारायचे, काय बोलताय, मला बी सांगा. शिरूर मागं पडलं, न्हावऱ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना ऊस लागला. सखूबाईनं मोनालीला सुरुवातीची दोन-चार प्रकरणं पुन्हा वाचायला लावली, कारण तिनं ती स्वतःच्या कानांनी ऐकलेली नव्हती. भीमेच्या पुलावर लालमहंमदनं टेम्पो हळू केला. पाणी भरून वाहत होतं. सगळ्या जणी एका बाजूला सरकून खाली बघायला लागल्या तसा टेम्पो कलला, आणि लालमहंमद पुढून ओरडला की तुमची रुक्मा खाली न्हाई, सरळ बसा.

जयसिंग मामांचं घर रेल्वे लाइनीच्या जवळ होतं. मामा दारातच उभे होते, पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, जणू ड्यूटीवर निघालेत. मामींनी मोठ्या पातेल्यात चहा टाकलेला. घरात शिरल्यावर बायकांनी तोंडाला पदर लावला. भिंतीला पुस्तकं, खिडकीत पुस्तकं, जिन्याच्या पायऱ्यांवर कडेनं पुस्तकं. एका कोपऱ्यात काळ्या लोखंडी पेट्या होत्या, त्यांवर पांढऱ्या रंगात मामांचं नाव. मामांनी सांगितलं की गार्डाला ड्यूटीवर अशी पेटी न्यावी लागायची, झेंडे, दिवा, धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके, सगळं तीत. मालगाडी म्हणजे कुठंही सायडिंगला टाकली की तासन् तास पडून. मागच्या डब्यात एकटा माणूस. आधी आधी ते आकाशाकडं बघत बसायचे आणि मनात रेल्वेला शिव्या द्यायचे. मग कुणीतरी एक पुस्तक दिलं. त्यानंतर त्यांच्या गाडीला लवकर सिग्नल मिळाला की त्यांना वाईट वाटायचं.

सगळ्या सतरंजीवर बसल्या. मामांनी पुस्तक आणलं. याला कव्हर होतं, त्यावर नदीचं आणि नावेचं चित्र. ते मोनालीच्या हातात देताना त्यांनी तिला जरा थांबायला सांगितलं.

"आधी तुम्ही सांगा," ते सगळ्यांना म्हणाले. "म्हातारीनं काय हाक मारली असंल? इतके दिवस विचार केला असंल ना."

सोजरबाई म्हणाली, माघारी फिर, एवढंच म्हणाली असंल. मेहरुनला वाटत होतं की सासूनं देवाच्या हवाली केलं असेल, जा पण जपून जा. सखूबाई म्हणाली, म्हातारी काय बोललीच नसंल, नुसती रडली असंल. पोपटराव आबांनी घसा साफ करून सांगितलं की नाव नीट बांध, अशी हाक असणार, कारण नाव फुटली तर दुसरी कोण देतंय. सगळ्या हसल्या. मग मामा सारजाबाईकडं वळले.

सारजाबाई खाली बघत होती. मांडीवर ताई झोपलेली होती. एवढे दिवस सगळ्यांत जास्त वाद तिनंच घातलेला, तेव्हा ती चटकन काहीतरी ठणकावून सांगेल असं सगळ्यांना वाटत होतं. तिनं ताईच्या कपाळावरचे केस मागं सारले. बाहेरून एक गाडी धडधडत गेली.

"मी आसते त्या जागी," सारजाबाई म्हणाली, "तर म्हनले आसते, मागं बघू नगंस. पोराला मी हाय. तू शिकून ये."

तिनं मान वर केली. ती मामांकडं बघत नव्हती. मोनालीकडं बघत होती.

"मी तुलाच सांगतीया, मोने."

मोनालीच्या हातात पुस्तक तसंच मिटलेलं होतं. तिला ते उघडता येईना. मेहरुननं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मग स्वतःच डोळे पुसायला लागली. पोपटराव आबा खिडकीशी जाऊन रेल्वे लाइन बघत राहिले. मामींनी न विचारता सगळ्यांना पुन्हा चहा ओतला.

थोड्या वेळानं मोनालीनं पान उघडलं. ती वाचायला लागली. म्हातारीनं दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली. ती म्हणाली, घरातलं मीठ संपलंय, येताना घेऊन ये.

मोनालीनं पुढची काही पानं वाचली. रुक्मा पलीकडं पोचते, काठावर नाव ओढून ठेवते आणि चालू लागते. पुस्तक तिथंच संपत होतं.

"एवढंच?" सारजाबाई म्हणाली. "मीठ?"

आणि मग जी रणधुमाळी माजली ती जयसिंग मामांनी आयुष्यात ऐकली नव्हती. सोजरबाई म्हणाली, ही काय हाक झाली. सुलक्षणाचं म्हणणं पडलं की एवढ्या लांब येऊन मीठ निघालं, त्यापरीस फोटो बरा होता. मेहरुन मात्र विचार करत होती. तिनं सांगितलं की बायांनो, नीट ऐका, म्हातारी म्हणतीय येताना घेऊन ये. म्हणजे तू येणार हे मी धरून चाललेय, दार उघडं आहे. अशी बाई सरळ थोडंच बोलणार. यावर सगळ्या विचारात पडल्या. सखूबाईला ते पटलं. सारजाबाईला पटलं पण तिनं हेका सोडला नाही. मनात आसंल तर त्वांडानं बोलावं, ती म्हणाली, वाऱ्यात निम्मंच ऐकू जातंय, त्या पोरीला मीठच तेवढं ऐकू आलं तर ती काय समजंल. जयसिंग मामा टाळी वाजवून हसले. ते म्हणाले की मी हे पुस्तक कितीदा वाचलं, पण वाऱ्याचा विचार माझ्या मनात कधी आला नाही.

जेवणं झाली. सारजाबाईनं मामींना विचारलं की नर्सिंगचं शिकवतात ती जागा कुठं आली. मामींना ठाऊक होतं, शेजारची मुलगी तिथंच जात होती आणि प्रवेश अजून चालू होते. सारजाबाई उठली, साडी झटकली आणि म्हणाली, चला मंग. सगळ्याच निघाल्या. टेम्पो कोर्सच्या ऑफिससमोर उभा राहिला आणि त्यातून एकेक करून बायका उतरल्या, मागोमाग टोपी सावरत पोपटराव आबा. टेबलामागच्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि उमेदवाराबरोबर कोण आलंय असं विचारलं.

"आमी सगळ्या," सारजाबाई म्हणाली.

मॅडमनी खुर्च्या मागवल्या. कुठली कागदपत्रं लागतात, होस्टेलचं कसं, घरी कधी जाता येतं, सगळं नीट समजावून सांगितलं. सारजाबाईनं तिथूनच इंद्रजीतला फोन लावला. तो शिफ्टवर होता, मागं मशीनचा आवाज येत होता. तिनं सांगितलं तेव्हा त्यानं मशीनपासून लांब जाऊन तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग त्यानं विचारलं, आई, हे तू म्हणतीस का. ती म्हणाली, मीच म्हणतीय, आन् सुट्टी टाक, कागदं घेऊन तुलाच यायचंय.

निघताना जयसिंग मामांनी त्यांची एक काळी पेटी पुस्तकांनी भरली आणि टेम्पोत चढवली. परत कधी द्यायची असं पोपटराव आबांनी विचारलं. मामा म्हणाले की परत नका देऊ, वाचून झाली की दुसऱ्या गावाला द्या. माझी पेटी फिरायलाच केलेली आहे, इतकी वर्षं कोपऱ्यात बसून ती कंटाळली.  गावाला पोचल्यावर आबांनी चाळीशेजारची खतांची खोली रिकामी करायला लावली, पुसून घेतली, दिवा लावला आणि पेटी तिथं ठेवली. खत अंगणात आलं म्हणून घरात कुरकुर झाली. ती त्यांनी ऐकली नाही.

मोनाली दौंडला गेली. चाळीत आता सुलक्षणा वाचते. ती फार भरभर वाचते आणि सगळ्या माणसांचे आवाज एकसारखे काढते, म्हणून बायका तिला सारख्या थांबवतात. सारजाबाईला हे दुसऱ्यावर अवलंबून राहणं सहन होईना. उद्या सुलक्षणाचं लगीन ठरलं तर आपन काय करायचं, असं म्हणून तिनं अंगणवाडीच्या बाईंना गाठलं. सकाळी ताईला पोचवायला जाते तेव्हा अर्धा तास तीही पाटी घेऊन बसते. जोडाक्षरांवर तिचा फार राग आहे. दोन अक्षरांना एकमेकांच्या खांद्यावर बसायची काय गरज, असं ती बाईंशी भांडते. पण गोणीवरचा शिक्का तिला वाचता येतो, आणि परवा पेटीतल्या एका पुस्तकाचं पहिलं वाक्य तिनं सबंध वाचलं. त्याला तिला निम्मी दुपार लागली. कुणी मध्ये बोललं नाही.

महिन्यातून एकदा ती मोनालीला भेटायला एस.टी.नं दौंडला जाते. ताई बरोबर असते, लाडू असतात. मागच्या खेपेस शिरूरच्या स्टँडवर एस.टी.त तिच्या शेजारी न्हावऱ्याची एक बाई येऊन बसली. एवढ्या लांब कुठं निघालात, तिनं सहज विचारलं. सारजाबाई म्हणाली, सुनेकडं. मग पेटीतलं जे नवीन पुस्तक चाललं होतं त्यातली गोष्ट तिनं सांगायला घेतली, पहिल्यापासून, सगळ्यांचे आवाज काढत. पुढच्या सीटवरचे दोघं मागं वळले. कंडक्टर तिकिटं काढून तिथंच दांडीला धरून उभा राहिला. न्हावरं आलं, बेल वाजली, त्या बाईनं पिशवी उचलली, अर्धी उठली, पुन्हा बसली आणि कंडक्टरला म्हणाली की मला पुढचं तिकीट द्या.